'वैयक्तिक कारणास्तव' : मुंबईतल्या एचआर मंडळींना खुले पत्र

मुंबईतल्या तमाम एचआर, ॲडमिन आणि पेरोलच्या मंडळींनो,

स. न. वि. वि.

मी तुमच्यातलीच. एकोणतीस वर्षं हेच काम केलं. मी लागले तेव्हा आपल्या खात्याला आस्थापना म्हणत, मग पर्सोनेल झालं, मग एचआर. दारावरची पाटी दोनदा बदलली, आतली कपाटं तीच राहिली. आधी अंधेरी एमआयडीसीतला एक कारखाना, नंतर मालाडच्या काचेच्या इमारतीतली एक कंपनी. नावं लिहीत नाही. त्या दोन ठिकाणी जे झालं ते तुमच्याकडेही होतं, हे तुम्हाला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे.

पत्र लिहायला कारण झालं भाचीच्या फोनचं. गेल्या महिन्यात दुपारी अडीचला आला. म्हणजे ऑफिसातून, आणि आवाज घुमत होता म्हणजे जिन्यातून. लोअर परळला नोकरी, दिवस गेलेत, पाचवा महिना लागलाय. म्हणाली, "मावशी, आज एचआरने बोलावलं होतं. खूप छान बोलले गं. म्हणाले, विरारहून रोज एवढा प्रवास, आधी बाळाचं बघ, नंतर कधीही ये, तुझ्यासाठी दार उघडंच आहे. फक्त एक मेल टाक. त्यात पर्सनल रीझन्स लिहिलं की एक्सपिरियन्स लेटरला काही अडचण नाही. लिहू का?"

मी तिला काय सांगितलं ते शेवटी सांगते. ते वाक्य मात्र ऐकता ऐकता मला घाम फुटला, कारण ते माझं होतं. "दार उघडंच आहे" हे मी कितीजणींना म्हटलंय! त्यातली एकही परत त्या दारातून आत आली नाही.

एक प्रसंग सांगते. साल २०१८. बाळंतपणाच्या रजेचा कायदा दुरुस्त होऊन वर्ष झालं होतं, बारा आठवड्यांचे सव्वीस झाले होते आणि साहेब लोकांच्या कपाळाला आठ्या होत्या. अकाउंट्समध्ये एक मुलगी होती, कळव्याहून यायची. जीएसटीची सगळी रिटर्न तिच्या हाताखालून जायची. सातव्या महिन्यापर्यंत तिने एक दिवस खाडा केला नव्हता. साहेबांनी मला केबिनमध्ये घेऊन सांगितलं, "तुम्ही बाई आहात, तुम्ही बोला. प्रेमाने."

मी प्रेमाने बोलले. आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये बारा खुर्च्या होत्या. ती दाराजवळच्या खुर्चीत कडेला बसली, पर्स खांद्यालाच. मी एसी कमी केला, पाणी मागवलं. नोटीस पिरियड माफ, वर एक महिन्याचा पगार गुडविल म्हणून, असं सगळं सांगून झालं. ती काही बोलली नाही. मग मी कोरा कागद पुढे सरकवला आणि मजकूर सांगू लागले. 'ड्यू टू पर्सनल रीझन्स' पर्यंत आल्यावर तिने पेन थांबवून विचारलं, "मॅडम, तारीख आजची घालू का?" मी म्हटलं, "एकतीसची घाल, म्हणजे महिना पूर्ण धरता येईल."

खरं सांगू? घरी जाताना गाडीत मला वाटत होतं की मी तिच्यावर उपकार केलेत. महिना पूर्ण धरला ना.

आता तो कागद नेमकं काय करतो ते तुमच्यातल्या नव्या मुलामुलींसाठी सांगते, जुन्यांना ते माहीतच आहे. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला त्या रजेमुळे काढून टाकणं बेकायदेशीर आहे. तिच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करणंही बेकायदेशीर आहे. दिवस गेलेत म्हणून आधीच काढलं, तरी ज्या लाभाची ती हक्कदार झाली असती तो बुडत नाही. वर तिला साठ दिवसांत दाद मागता येते. हे सगळं 'काढलेल्या' बाईसाठी आहे. जिने स्वतःच्या अक्षरात वैयक्तिक कारणास्तव राजीनामा दिला, तिला कुणी काढलंच नाही! साठ दिवस कुठून मोजायचे? बीकेसीतल्या कामगार भवनात जाऊन ती काय दाखवणार? आपण तिच्याच हाताने तिचा दावा मिटवून घेतो आणि वर चहा पाजतो. गर्भवतीला नोकरीवरून काढल्याचं पत्र मुंबईच्या कुठल्याही बऱ्या कंपनीच्या फायलीत सापडणार नाही. इतके कच्चे आपण नाही.

आणि ते 'वैयक्तिक कारण'! अख्ख्या ऑफिसला दिसत असतं, पँट्रीतला मुलगा तिच्यासाठी लिंबू बाजूला ठेवत असतो, आणि फायलीत तेवढं ते वैयक्तिक होतं.

पैशाचं बोलू. मी जन्मभर पगाराचे हिशेब केले, तेव्हा भावनेवर सोडणार नाही. त्या मुलीचा पगार महिना चौतीस हजार. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने धरले तर दोन लाख चार हजार. तिच्या जागी सहा महिने तात्पुरता माणूस पंचवीस हजारांवर ठेवला असता तर आणखी दीड लाख. एकूण साडेतीन लाखांच्या वर. आता प्रत्यक्षात काय झालं ते बघा. नवा माणूस बेचाळीसला मिळाला. माणूस शोधून देणाऱ्या कन्सल्टंटने वर्षाच्या पगाराचे ८.३३ टक्के घेतले, म्हणजे नव्या माणसाचा एक महिन्याचा पगार, बेचाळीस. मधले दोन महिने बाहेरच्या सीएकडून काम करून घेतलं, साठ हजार. पगारातला फरक आठ हजार, म्हणजे वर्षाला शहाण्णव. पहिल्या वर्षाची बेरीज एक लाख अठ्ठ्याण्णव हजार. म्हणजे पहिल्या वर्षी कंपनी फायद्यात राहिली, उगाच खोटं कशाला बोलू. दुसऱ्या वर्षीही राहिली. तिसऱ्या वर्षी हिशेब उलटला, पण तिसऱ्या वर्षाचा हिशेब कोण मांडतो? साहेबांचं टार्गेट मार्चपर्यंतचं असतं.

म्हणून "बाळंतपणाची रजा दिली की कंपनीचाच फायदा होतो" अशी गोड प्रेझेंटेशन्स मला पटत नाहीत. रजा देण्यात कंपनीचा पैसा जातो. जात नसता तर कायदा कशाला करावा लागला असता? किमान वेतनात पैसा जातो, प्रॉव्हिडंट फंडात जातो, तरी आपण ते देतोच ना.

माझी आजी लालबागला एका गिरणीत वायंडिंग खात्यात होती. खात्यातल्या बायकांवर नेमलेल्या बाईला तेव्हा नायकीण म्हणत. शब्दाचा दुसरा अर्थ माहीत असूनही बायका तो बिनदिक्कत वापरत. आजी सांगायची, दिवस गेले की पहिल्यांदा लपवायचं ते नायकिणीपासून, नवऱ्याला नंतर सांगितलं तरी चालेल. नाव मस्टरवरून उडालं की पैसे गेले. पैसे म्हणजे बाळंतपणाचे. आपल्या मुंबई इलाख्याने तो कायदा १९२९ मध्येच केला होता, देशात पहिला. त्याआधी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्यावर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. त्यांचं म्हणणं असं होतं, की आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून हा बोजा बऱ्याच अंशी सरकारने उचलायला हवा. पण बाईच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तेव्हा त्यालाही त्यातून मोकळं सुटता येणार नाही.

त्यातली मालकाची बाजू आपण घेतली आणि सरकारची अर्धवट सोडली. ज्या बाईचा पगार एकवीस हजारांच्या आत आहे तिचा पैसा ईएसआयसीतून, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळातून येतो, तिथे सगळ्यांच्या वर्गणीचा गल्ला आहे. एकवीस हजारांच्या वरच्या बाईचे सव्वीसच्या सव्वीस आठवडे एकट्या कंपनीच्या खिशातून. पंधरा माणसांच्या गाळ्यात हे जड जातं, मी नाकारत नाही. सव्वीसातले सात आठवडे सरकार भरून देईल अशी योजना केंद्राच्या कामगार मंत्रालयाने २०१८ मध्ये मांडली होती, तीही पंधरा हजारांपर्यंतच्या पगारापुरती. आमच्या कंपनीपर्यंत त्यातला रुपया आला नाही. या बाबतीत मालकांच्या संघटनांनी दिल्लीत जाऊन भांडावं, मी त्यांच्या बाजूने सही करीन. सगळ्या कंपन्यांनी, बायका असोत वा नसोत, पगाराच्या प्रमाणात वर्गणी भरावी आणि रजेचा पैसा त्या गल्ल्यातून यावा. मग बाई नेमली काय आणि पुरुष नेमला काय, कंपनीला एकच. तोवर मात्र सरकारवरचा राग पोटुशी बाईवर काढायचा, हे कुठलं शहाणपण?

आजीच्या तरुणपणी मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांत एक बाई असायची. पुढे त्या कमी कमी होत गेल्या. बायका का नको, याची जी कारणं तेव्हा सांगत त्यात एक रात्रपाळीची बंदी आणि दुसरं बाळंतपणाचा खर्च. आज इंटरव्ह्यूला आपण तेच विचारतो, फक्त शब्द मऊ झालेत. "लग्नाला किती वर्षं झाली?" "सेटल झालात का?" पुरुष उमेदवाराला "सेटल" विचारलं की अर्थ फ्लॅटचा असतो.

आता आपल्या टेबलावरच्या काही गोष्टी, ज्यांना साहेबांची परवानगी लागत नाही.

प्रोबेशन. "कन्फर्म झाली नाहीस, तुला लागू नाही" हे वाक्य मी स्वतः म्हटलंय आणि ते साफ खोटं आहे. कायदा एवढंच विचारतो की बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ती निदान ऐंशी दिवस कामावर होती का. कन्फर्मेशनचं पत्र हा आपला आपसातला कागद आहे. पण मुलींना ते माहीत नसतं, म्हणून त्या पाचव्या महिन्यापर्यंत ओढणी पुढे घेऊन फिरतात, आजीच्या वेळी नायकिणीपासून लपवत तसं आपल्यापासून लपवतात, आणि मग आपणच म्हणतो, "अगं, आधी का नाही सांगितलंस?" नेमणुकीच्या वेळीच प्रत्येक बाईला हे लाभ लेखी आणि ईमेलने कळवायचे, असं २०१७ च्या दुरुस्तीने बंधन घातलं. तुमच्या ऑफर लेटरचं टेम्प्लेट उघडून बघा. लॅपटॉप हरवला तर किती पैसे कापणार याचा परिच्छेद आहे, हा आहे का?

कंत्राटी मुलींचंही तेच. अकरा महिन्यांचं कंत्राट नवव्या महिन्यात संपतंय, आता काय, सुंठीवाचून खोकला गेला, असं आपण मनातल्या मनात म्हणतो. दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या रोजंदार बायकांनाही हा लाभ द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितलं होतं. २०२३ मध्ये दिल्लीतल्याच एका कंत्राटी डॉक्टरबाईंच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं, की हक्क एकदा लागू झाला की कंत्राटाची मुदत मध्येच संपली तरी लाभ पुढे चालू राहतो. बाळंतपणाच्या लाभाचा १९६१ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, कलमांचे आकडे बदलले. सव्वीस आठवडे, ऐंशी दिवस, पाळणाघर, सगळं जागच्या जागी आहे. "नवीन कोड आलाय, बघावं लागेल" असं सांगून कुणाला पंधरा दिवस लटकवू नका.

रजा कधी घ्यायची ते तिने ठरवायचं. बाळंतपणाआधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात, एवढंच कायदा म्हणतो. तिला एकही नको असेल आणि सगळे बाळासोबत हवे असतील तर तसं. आपण मात्र पोट दिसायला लागलं की कॅलेंडर काढून बसतो.

मुंबईत खरं अवघड असतं ते येणं-जाणं. सकाळी आठ-बाराची लोकल, दादरच्या पुलाचे जिने, आणि त्या गर्दीत सहावा महिना. रेल्वेसारख्या ढिम्म खात्यानेही गर्भवतींना दिव्यांगांच्या डब्यात जागा दिली. आपल्याला तर फक्त बायोमेट्रिकमधली वेळ बदलायची आहे. अकराला ये, सातला जा. याला एक रुपया लागत नाही. माझ्या शेवटच्या तीन वर्षांत मी हे पाचजणींसाठी केलं, साहेबांना न विचारता, शिफ्ट कोड बदलून. साहेबांच्या लक्षातही आलं नाही.

दुधाचा प्रश्न यापेक्षा बिकट. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला नेहमीच्या सुट्टीशिवाय दिवसातून दोनदा पाजायला वेळ मिळतो. छान. पण बाळ नालासोपाऱ्याला आणि आई मरोळला! पंधरा मिनिटांत ती चकाला सिग्नलही ओलांडत नाही. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढे बहुधा गिरणी आणि तिच्या मागची चाळ असावी. मालाडला आमच्याकडे एक मुलगी सव्वीस आठवड्यांनी परत आली. पंप घेऊन यायची. जागा कुठली, तर स्टेशनरीची खोली. ए-फोरच्या रिमांवर बसायची, दाराला कडी नव्हती म्हणून आतून टोनरचं खोकं लावायची. एकदा आयटीचा मुलगा माऊस घ्यायला गेला आणि दार ढकललं. ओरडाआरडा काही झाला नाही. तो लाल होऊन बाहेर आला, ती दहा मिनिटांनी. दुसऱ्या दिवसापासून तिने पंप आणणं बंद केलं. दुपारी तीनला तिच्या कुर्त्यावर ओले डाग दिसायचे, मग ती जॅकेट चढवायची, मे महिन्यात. महिनाभरात दूध आटलं.

एक कडी. साठ रुपयांची. मी ॲडमिनला मेल टाकला, त्यांनी तीन कोटेशन्स मागितली. कडी लागली तोवर ती सोडून गेली होती, अर्थात वैयक्तिक कारणास्तव. कडी, प्लगपॉइंट, खुर्ची आणि फ्रिजमधला एक कप्पा, ज्यावर 'हात लावू नये' लिहिलंय. यासाठी पॉलिसी डॉक्युमेंट लिहीत बसू नका.

पाळणाघराबद्दल आपली ठरलेली सबब आहे, "आमच्याकडे बायका बाराच." कायदा बायका मोजत नाही. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील, बाप्ये धरून, तर पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. मग आपण हाऊसकीपिंग एकाच्या नावावर, सिक्युरिटी दुसऱ्याच्या नावावर टाकून स्वतःची माणसं अठ्ठेचाळीस दाखवतो. हे गणितही मी केलंय, चांगलं जमायचं. पण समजा खरोखरच वीस-वीस माणसांचे गाळे आहेत, जसे अंधेरीच्या कुठल्याही इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये असतात. तिथे गाळेमालकांची सोसायटी आहेच की. लिफ्ट, वॉचमन, गणपतीची वर्गणी एकत्र जमते. तळमजल्यावर एक खोली आणि दोन बायका एकत्र का नाही जमणार? कायद्यानेही सामाईक पाळणाघराची मुभा दिली आहे. बापांनीही आपली पोरं तिथे आणावीत. खाजगी कंपन्यांतल्या बापाला पितृत्वाची रजा देणारा कायदा अजून नाही, निदान पोराचा डबा भरायची सवय तरी लागेल.

एक गोष्ट मी आजवर ऑफिसातल्या कुणाला सांगितली नव्हती. १९९४. मला तिसरा महिना होता आणि गर्भ पडला. गुरुवारी रात्री. शुक्रवार आणि शनिवार मी किरकोळ रजा टाकली, सोमवारी कामावर हजर. पगाराचा आठवडा होता. मस्टर पुढ्यात घेऊन बसले, बेरीज चुकत होती, पुन्हा करत होते. शेजारच्या टायपिस्टबाईंनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "पित्त झालंय."

त्या वेळी माझ्या मागच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर, कामगार कायद्यांचं जाडं पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं की गर्भपात झालेल्या बाईला सहा आठवडे पगारी रजा आहे. इतकंच नव्हे, त्या सहा आठवड्यांत तिला कामावर घेणंच मालकाला मना आहे. १९६१ पासून लिहिलं होतं. पुस्तकावरची धूळ दर शनिवारी मी झटकायची. मला ते कलम माहीत नव्हतं का? होतं. कारखान्यातल्या एका बाईला मी ते वाचूनही दाखवलं होतं. स्वतःसाठी अर्ज लिहायचा तर त्यावर कारण लिहावं लागलं असतं आणि तो अर्ज साहेब, हेडक्लार्क, डिस्पॅच अशा तीन टेबलांवरून गेला असता. त्यापेक्षा पित्त बरं.

तेव्हा अर्ज तीन टेबलांवरून जायचा, आज तो पोर्टलवर असतो. ड्रॉपडाऊनमध्ये सिक, कॅज्युअल, अर्न्ड एवढंच दिसतं. गर्भपाताच्या रजेसाठी वेगळा कोड लावा, बाहेरून नाव काही द्या, एम-दोन म्हणा, आणि मंजुरी थेट एचआरकडे ठेवा, टीम लीडरकडे नको. दोन तासांचं काम आहे. बाळंतपणातून पुढे आजारपण आलं, मूल अपुऱ्या दिवसांचं झालं, तर आणखी एक महिना आहे, त्याचाही कोड बहुतेक पोर्टलवर नसतो. जे ड्रॉपडाऊनमध्ये नाही ते मुलींच्या दृष्टीने कायद्यातही नाही.

अप्रेझलबद्दल थोडक्यात. बारापैकी सहा महिने ती नव्हती म्हणून तिला खालची रेटिंग देऊ नका. जे सहा महिने होती त्यावरच मोजा. बेल कर्व्हचं, म्हणजे ठरावीक टक्के लोकांना खालची रेटिंग द्यायच्या पद्धतीचं, खालचं टोक भरायला दरवर्षी बाळंतीणच सापडते, हा योगायोग मी फार वर्षं पाहिला.

मग भाचीला मी काय सांगितलं? "मेल टाक," म्हटलं. "पण असा टाक: आज अमुक वाजता झालेल्या बोलण्यात तुम्ही मला राजीनामा द्यायला सुचवलंत. मला नोकरी सोडायची नाही. माझी अपेक्षित तारीख ही, रजा या तारखेपासून, सोबत डॉक्टरांचं पत्र. आणि कॉपी स्वतःच्या जीमेलवर ठेव." तिने रात्री अकराला टाकला. दुसऱ्या दिवशी एचआरची मुलगी, तुमच्यापैकीच कुणीतरी, तिच्या डेस्कशी आली आणि हळूच म्हणाली, "थँक्स. आता मी वर दाखवू शकते."

हे वाक्य मला महिनाभर पुरलं. त्या मुलीला नकोच होतं ते काम. मलाही नको होतं, पण कॉन्फरन्स रूममधून मोकळ्या हाताने बाहेर येऊन "तिने नाही लिहिलं" असं साहेबांना सांगायची हिंमत मी कधी केली नाही. साहेबांनी मला काढलं असतं का? मला वाटत नाही. फार तर चिडले असते.

निवृत्तीच्या आठवड्यात मी कपाट आवरताना जुने राजीनामे काढून बसले होते. बायकांचे वेगळे केले, पुढे ज्यांना मूल झाल्याचं मला माहीत होतं त्यांचे त्यातून वेगळे. चौदा निघाले. नऊ कागदांवर मजकूर शब्दाला शब्द एक होता, स्वल्पविराम धरून, कारण तो माझा होता. तुम्हीही एकदा काढून बघा. आता सगळं सिस्टीममध्ये आहे, एक फिल्टर लावायचा अवकाश. आणि पुढच्या वेळी बारा खुर्च्यांच्या त्या खोलीत कुणी दाराजवळच्या खुर्चीत येऊन बसली, तर तिला पाणी द्या, रजेचा फॉर्म द्या, आणि कोरा कागद देऊ नका.

आपली,
एक निवृत्त आस्थापना अधिकारी,
मुलुंड पूर्व

ता. क. हाऊसकीपिंगच्या बायकांचं राहिलंच. कंत्राटदार बदलला की नवा माणूस त्यांची ईएसआयसीत नव्याने नोंद करतो, नवा विमा क्रमांक काढतो आणि जुन्या खात्यात भरलेले दिवस तिथेच पडून राहतात. बाळंतपणाच्या लाभासाठी आधीच्या दोन वर्गणी-काळांत मिळून सत्तर दिवसांची वर्गणी लागते. ती दोन क्रमांकांत फुटली की काउंटरवरून बाई रिकाम्या हाताने परत येते. पगारातून पाऊण टक्का दर महिन्याला कापलेला असतोच. विमा क्रमांक आयुष्यभर एकच असायला हवा. कंत्राट बदलायच्या दिवशी जुन्या क्रमांकांची यादी नव्या कंत्राटदाराच्या हातात द्या आणि पोच घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि कंत्राटदाराने वर्गणी बुडवली तर ती शेवटी मूळ मालकाकडूनच वसूल होते, हे साहेबांना सांगितलंत तर तेही नाही म्हणणार नाहीत.